मैदानावरचे सव्यसाची

दिंडोशीत मोकळी जागा शोधू म्हटले तर सापडत नाही. पश्चिमेला द्रुतगती महामार्ग, पूर्वेला राष्ट्रीय उद्यानाच्या टेकड्या आणि चित्रनगरी, मध्ये मृणाल गोरे यांच्या चळवळीतून उभी राहिलेली नागरी निवारा वसाहत, बेस्टचे आगार, न्यायालय आणि पलीकडे कुरारची दाट वस्ती. क्रिकेटचे मैदान येथे मावणार नाही, फुटबॉलचे तर नाहीच. परंतु तेरा मीटर लांब आणि दहा मीटर रुंद एवढा जमिनीचा तुकडा हाती आला की कबड्डीचे क्रीडांगण आखता येते, आणि तेवढा तुकडा दोन इमारतींच्या मध्येही निघतो. १९८२ च्या संपानंतर गिरणगाव विस्कटले, लालबाग-परळची कुटुंबे उपनगरांत सरकली, आणि त्यांच्या सामानाबरोबर त्यांचा खेळही आला. हिवाळ्याच्या रात्री दिव्यांच्या माळांखाली भरणारे उपनगरांतले कबड्डीचे सामने हा त्याच स्थलांतराचा एक वारसा आहे.

या सामन्यांच्या अखेरीस व्यासपीठावर जे चषक मांडलेले असतात, त्यांकडे एकदा नीट पाहावे. विजेत्या आणि उपविजेत्या संघांचे मोठे चषक सोडले तर वैयक्तिक पारितोषिके बहुधा ठरलेली असतात: उत्कृष्ट चढाई आणि उत्कृष्ट पकड. मुलाची शिकवणही याच दोन कप्प्यांत चालते. पाय चपळ दिसले की तो चढाईचा गडी. मांडीत जोर आणि हातात पकड दिसली की तो कोपऱ्याचा. तेरा-चौदा वर्षांच्या वयात हा शिक्का बसतो आणि पुढे तो सहसा पुसला जात नाही. डाव्या कोपऱ्यावर उभा राहणारा मुलगा पाच-सहा वर्षांत मध्यरेषा ओलांडतो ती केवळ नाइलाज झाला तरच.

व्यावसायिक कबड्डीचा बाजार मात्र नेमक्या उलट दिशेने चालला आहे. २०१४ मध्ये प्रो कबड्डी लीग सुरू झाली तेव्हापासून तिच्या लिलावात चढाईपटू आणि बचावपटू यांच्या जोडीला अष्टपैलू हा स्वतंत्र वर्ग आहे. पहिल्या काही वर्षांत मोठ्या बोली प्रामुख्याने चढाईपटूंवर लागल्या आणि ते स्वाभाविक होते. प्रेक्षक टाळ्या वाजवतो तो चढाईला. २०१५ च्या दुसऱ्या हंगामात सर्वोत्तम खेळाडू ठरलेल्या मनजित छिल्लरने वारे बदलण्याची पहिली सूचना दिली होती. पण ती तेव्हा फारशी कोणी मनावर घेतली नाही. इराणच्या महंमदरेझा शादलूने ती सर्वांना मनावर घ्यायला लावली. २०२३ च्या लिलावात पुणेरी पलटणने त्याच्यासाठी २ कोटी ३५ लाख रुपये मोजले आणि १ मार्च २०२४ रोजी हैदराबादेत हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असे हरवून प्रथमच विजेतेपद मिळवले. पुढच्या लिलावात तो २ कोटी ७ लाखांना हरियाणाकडे गेला, आणि डिसेंबर २०२४ मध्ये पुण्यातच बालेवाडीला झालेल्या अंतिम सामन्यात चषक हरियाणाच्या हाती आला. हा योगायोग आहे असे म्हणणाऱ्याने २०२५ च्या लिलावातली २ कोटी २३ लाखांची बोलीही योगायोगच मानावी. पुण्याच्या विजयात कर्णधार होता अहिल्यानगर जिल्ह्यातला अस्लम इनामदार, तोही दोन्ही बाजूंनी खेळणारा, आणि त्या हंगामातला सर्वोत्तम खेळाडू तोच ठरला. तेव्हा महाराष्ट्राच्या मातीत असे गडी निपजत नाहीत, ही तक्रार कोणी करू नये.

अष्टपैलू खेळाडूचे मोल एवढे का वाढावे, याचे उत्तर नियमांतच आहे. सात गड्यांचा संघ क्रीडांगणावर उतरतो, आणि बाद झालेले गडी पुन्हा आत येतात ते बाद झाल्याच्याच क्रमाने. संघाचा मुख्य चढाईपटू बाद होऊन बाहेर बसला की त्याला जिवंत करण्यासाठी इतरांना गुण मिळवावे लागतात. चढाई तर एकाआड एक करावीच लागते, तीही तीस सेकंदांत. दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण हवाच, नाहीतर चढाई करणारा बाद. अशा वेळी आत उरलेले तीन-चार गडी केवळ पकडीचे असतील तर त्यांतल्या एखाद्याला मृत्यूच्या तोंडी पाठवल्यासारखे पाठवावे लागते, तो जातो, पकडला जातो, आणि लोण चढण्याची वेळ येते. याउलट त्या तिघांत एकजण जरी दोन्ही कामे जाणणारा असेल तरी चित्र पालटते. चढाईत तो बोनस रेषा ओलांडण्याच्या हुलकावणीवर किंवा एखाद्या स्पर्शावर गुण आणतो. परतल्यावर कोपऱ्यावर उभा राहून तीन किंवा त्याहून कमी गड्यांत पकड साधली तर तिला दोन गुण मिळतात, तीही तोच साधतो. पलीकडच्या प्रशिक्षकापुढे मग असा पेच उभा राहतो की, बाद करायचे तरी कोणाला? ज्याला बाद करून संघाची फक्त चढाई किंवा फक्त पकड लुळी पडते असा गडीच समोर नसतो.

हा प्रवाह कबड्डीपुरता नाही. अमेरिकन फुटबॉल हा विशेषीकरणाचा जगातला सर्वांत टोकाचा नमुना. तेथे आक्रमणाचे अकरा वेगळे, बचावाचे अकरा वेगळे, आणि चेंडूला लाथ मारण्यापुरता मैदानात येऊन परत जाणाराही वेगळा. हे पूर्वी असे नव्हते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात माणसे अपुरी पडू लागली म्हणून तेथे बदली खेळाडूंवरचे निर्बंध सैल झाले, १९५० मध्ये व्यावसायिक लीगने ती मोकळीक कायमची केली, आणि सबंध साठ मिनिटे दोन्ही बाजूंनी खेळणारा गडी हळूहळू दंतकथेत जमा झाला. चक बेडनेरिकने १९६० च्या अंतिम सामन्यात तसा खेळ केला तेव्हाच तो जुन्या पठडीतला शेवटचा मानला गेला. आता तेथेही चक्र फिरते आहे. धावणारा चेंडू झेलतोही, झेलणारा धावतोही, आणि बचावातला एकच खेळाडू तीन जागा सांभाळतो. आक्रमण आणि बचाव या दोन्हींत खेळणाऱ्या ट्रॅव्हिस हंटरला २०२४ मध्ये महाविद्यालयीन खेळातला सर्वोच्च सन्मान मिळाला आणि २०२५ मध्ये जॅक्सनव्हिलच्या संघाने निवडीत दुसऱ्याच क्रमांकावर त्याला उचलले. पहिल्याच हंगामाच्या मध्यावर गुडघ्याच्या दुखापतीने तो बाहेर बसला, ही गोष्टही येथे नोंदवून ठेवली पाहिजे. तिच्याकडे पुन्हा यावे लागणार आहे.

कबड्डीची गंमत अशी की या खेळाने अमेरिकेसारखी भिंत कधी बांधलीच नव्हती. हुतुतूच्या काळापासून नियम कोणालाही चढाईस मनाई करीत नाही. शंकरराव ऊर्फ बुवा साळवी यांनी ज्या खेळाची संघटना बांधण्यात आयुष्य वेचले आणि ज्यांचा १५ जुलै हा जन्मदिवस कबड्डी दिन म्हणून पाळला जातो, त्या खेळात सातही गडी दोन्ही कामांचे असावेत असेच मूळ गृहीत दिसते. जुन्या ‘गामिनी’ प्रकारात तर बाद झालेला गडी परत येतच नसे. शेवटी उरलेल्या एकट्याला दोन्ही विद्या ठाऊक असाव्याच लागत. खो-खोत आजही प्रत्येकाला पाठलागही करावा लागतो आणि पळावेही लागते. २०२२ साली पुण्यात सुरू झालेल्या अल्टिमेट खो-खोने तर कोणत्याही दिशेने धावण्याची मुभा असलेला ‘वझीर’ आणला. नाव बुद्धिबळातले आणि पाय मात्र खो-खोचे, हे मिश्रण जुन्या जाणकारांना खटकले असेल. तरी प्रेक्षकाला ते पटकन कळले यात शंका नाही. म्हणजे कबड्डीत कप्पे पाडले ते नियमांनी नव्हे. ते पाडले सवयीने, घाईने आणि त्या दोन चषकांनी. मंडळाला यंदाच्या स्पर्धेत जिंकायचे असते. मुलाच्या बाविसाव्या वर्षाचा विचार करायला तेथे कोणाला सवड आहे?

आता प्रश्न त्या मुलाचा. मुंबईच्या कबड्डीपटूसमोर एके काळी एक सरळ वाट होती. स्थानिक संघात नाव झाले की रेल्वे, पोलीस, बँका, तेल कंपन्या, मोठे कारखाने यांच्या संघांतून बोलावणे येई. खेळाडू म्हणून घेतलेला माणूस गुडघे थकल्यावर त्याच कार्यालयात टेबलावर बसे आणि निवृत्तिवेतन घेऊनच घरी जाई. खेळाच्या बदल्यात मिळणारी ती नोकरी हेच त्या पिढीचे खरे पदक होते. आज त्या जागा आटल्या आहेत. त्यांच्या जागी आलेला लीगचा करार रकमेने मोठा असला तरी मुदतीने तोकडा आहे, आणि तो मिळतो मोजक्यांना. कोटीची बोली वर्तमानपत्रात पहिल्या पानावर येते. लिलावात ज्याचे नाव पुकारूनही कोणी हात वर केला नाही, त्याची बातमी होत नाही.

या परिस्थितीत ‘अष्टपैलू हो’ हा सल्ला मुलाला देणे सोपे आहे, आणि तो खोटाही नाही. दोन विद्या असलेल्याला संघात जागा मिळण्याच्या संधी दुप्पट. परंतु संघमालकाच्या हिशेबात अष्टपैलू म्हणजे एका पगारात दोन माणसे, हेही विसरता येणार नाही. हा हिशेब शिक्षकांना आणि कारकुनांना समजावून सांगण्याची गरज नसावी. शिकवता शिकवता जनगणना आणि मतदार याद्या करणाऱ्या, रिकाम्या झालेल्या शेजारच्या टेबलाचेही काम ओढणाऱ्या माणसाला बहुगुणी म्हणून शाबासकी मिळते, वेतनवाढ मिळतेच असे नाही. कबड्डीपटूच्या बाबतीत तर ओझे थेट सांध्यांवर पडते. चढाईत सरकणारा, उडी घेणारा पाय आणि पकडीत सहा फुटी गड्याचे वजन पेलणारा पाय एकच असतो. मातीवर पाय घसरून जाई. मॅटवर बुटाचा तळवा चिकटतो आणि वळणारा गुडघा पिरगाळला जातो. हंटरचे उदाहरण लक्षात ठेवायचे ते यासाठी. त्याच्यामागे शल्यविशारदांची फौज उभी होती. दिंडोशीतल्या मुलामागे बहुधा बर्फाची पिशवी आणि वडिलांची रजा एवढेच असते.

इराणचा दाखला या संदर्भात मोलाचा आहे. २०१८ च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत भारताच्या पुरुष संघाला उपांत्य फेरीत आणि महिला संघाला अंतिम फेरीत इराणने हरवले. ज्या देशाने १९९० पासून या स्पर्धेतले पुरुषांचे सुवर्ण कधी सोडले नव्हते, त्याला हा धक्का होता. इराणच्या महिला संघाची प्रशिक्षक होती नाशिकची शैलजा जैन. आपल्याकडची विद्या परक्या देशात जाऊन फळली आणि तिने आपल्यालाच हरवले, याचा खेद करायचा की अभिमान बाळगायचा, हे ज्याचे त्याने ठरवावे. पण एक गोष्ट उघड आहे: कुस्तीची जुनी परंपरा असलेल्या त्या देशात कबड्डी उशिरा पोचली आणि मुलांना लहानपणीच कप्प्यांत बसवण्याची आपली सवय तिच्याबरोबर गेली नाही. २०२३ साली हांगझाऊत भारताने दोन्ही सुवर्णे परत मिळवली हे खरे. परंतु पुरुषांचा अंतिम सामना इराणविरुद्ध केवळ चार गुणांनी आणि मोठ्या वादंगानंतर सुटला, हेही तितकेच खरे. मुलींची कथा तर आणखी वेगळी. त्यांच्यापुढे पुरुषांसारखी लीगच नाही. २०१६ साली तीन संघांची एक छोटी स्पर्धा प्रो कबड्डीबरोबर खेळवली गेली आणि तिचे बीज तेथेच सुकले. त्यामुळे त्यांना आजही आधार आहे तो नोकरी देणाऱ्या संघांचाच, आणि त्या जागा कमी होण्याची झळ मुलांहून मुलींना अधिक लागते.

जिल्हा संघटनांच्या हाती यातल्या काही गोष्टी खचित आहेत. किशोर गटाच्या सामन्यांत प्रत्येक गड्याने निदान दोन चढाया केल्याच पाहिजेत, असा दंडक घालायला शासनाची परवानगी लागत नाही आणि खर्चही येत नाही. चढाई आणि पकड यांच्या चषकांशेजारी तिसरा चषक मांडायला फार तर काही शे रुपये लागतील. विम्याचा खर्च मात्र मोठा आहे आणि तो मंडळांनी वर्गणीतून उचलावा ही अपेक्षा अन्यायाची ठरेल. ज्या लीगला दरवर्षी नवे गडी या गल्ल्यांतून तयार मिळतात, तिने लिलावाच्या उलाढालीतला एक लहान हिस्सा किशोर आणि कुमार खेळाडूंच्या दुखापतींच्या उपचारासाठी बाजूला काढावा, अशी मागणी राज्य संघटनेने केली पाहिजे. आणि ती पुढच्या लिलावाच्या आधी केली पाहिजे.