जुनी पेट्रोल गाडी घ्या, पण सगळे पैसे गाडीत घालू नका

दुकान दोन-तीन वर्षं नीट चाललं की घरात गाडीचा विषय निघतोच. पावसात टू-व्हीलरवर माल आणायचा, आईला दवाखान्यात न्यायचं, वसुलीला तालुक्याला जायचं. कारणं सगळी खरी असतात. आणि शोरूमवाला लोनचे कागद घेऊन तयारच बसलेला असतो.

माझं मत आधीच सांगून टाकतो. ज्याचा धंदा अजून उधारीवर आणि सीझनवर चालतो, त्याने नव्या गाडीच्या हप्त्यात अडकू नये. सात-आठ वर्षं वापरलेली छोटी पेट्रोल गाडी, वॅगनआर, आल्टो, आय-टेन असली, कर्ज न काढता घ्यावी. पण बजेट अडीच लाख असेल तर गाडी दोन लाखांचीच बघायची. वरचे पन्नास हजार गाडीचेच आहेत, फक्त ते विकणाऱ्याला द्यायचे नाहीत.

आता गणित बघा. ५ लाखांचं लोन, ९.५ टक्के व्याज, ५ वर्षं, म्हणजे हप्ता साधारण साडेदहा हजार. दुकान चालो न चालो, तो पाच तारखेला जाणारच. जुन्या गाडीला महिन्याला ३ हजार बाजूला टाकलेत तर वर्षाला ३६ हजार जमतात. त्यात सर्व्हिसिंग, इन्शुरन्स आणि एखादं मध्यम काम बहुतेक वेळा बसतं. मंदीच्या महिन्यात हे तीन हजार पुढे ढकलता येतात. हप्ता ढकलून बघा! पेट्रोल मी धरलं नाही, कारण ते दोन्ही गाड्यांना जवळपास तेवढंच लागतं.

"पण सर, गाडी घेतली की टॅक्स वाचतो ना?" हे मला दर बॅचमध्ये कोणीतरी विचारतं. तुम्ही उलाढालीच्या ठरावीक टक्क्यांवर नफा दाखवणाऱ्या अंदाजित उत्पन्नाच्या योजनेत रिटर्न भरत असाल, आणि छोटे दुकानदार बरेच तसंच भरतात, तर गाडीचा घसारा किंवा खर्च वेगळा वजा मिळत नाही. जीएसटीचं इनपुट क्रेडिटही अशा पॅसेंजर कारवर दुकानदाराला मिळत नाही. त्यामुळे टॅक्स वाचवायला गाडी घेतोय, हे निदान स्वतःला तरी सांगू नका.

डिझेल का नको? रोजचं रनिंग तीस-चाळीस किलोमीटर असेल तर डिझेलची बचत दिसतच नाही. आणि जुन्या डिझेलचा पंप किंवा इंजेक्टर गेला की एका फटक्यात वर्षाची बचत साफ. छोट्या पेट्रोल इंजिनाचं काम गावातला कोणताही बरा मेकॅनिक करतो, पार्ट दुसऱ्या दिवशी मिळतो. दुकानदाराला हे फार महत्त्वाचं, कारण गाडी चार दिवस गॅरेजला म्हणजे चार दिवस माल अडकला.

गाडी बघायला जाताना सकाळी जा, आणि फोनवरच सांगा की इंजिन गार ठेवा. गरम इंजिन बरंच काही लपवतं. गार असताना स्टार्ट करून मागे कोणालातरी उभं करा. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ चिकटा दिसला तर पाणी आणि ऑइल मिसळत असण्याची शंका घ्या. अर्थात, कमी चालणाऱ्या गाडीत पावसाळ्यात तो नुसत्या दमटपणानेही येतो, म्हणून कूलंटही तपासा. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा. चिखलाची रेघ किंवा कुबट वास आला तर गाडी पाण्यात बुडालेली असू शकते. २०१९ ला सांगली-कोल्हापूर आणि २०२१ ला चिपळूणने काय पूर बघितला, ते आठवा. तिकडच्या पासिंगची गाडी वाईट असं म्हणत नाही, पण सीटखालचा गंज बघितल्याशिवाय टोकन देऊ नका. टायरवर चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. टायर मूळचे असतील तर चार टायरचा खर्च किमतीतून कमी करून मागा. सीएनजी किट बसवलेलं असेल तर आरसीवर नोंद आहे का आणि सिलिंडरची तीन वर्षांची टेस्ट झाली आहे का, हेही विचारा.

आता त्या पन्नास हजारांचं काय करायचं? गाडी घरी आणल्याच्या पहिल्या आठवड्यात ऑइल, सगळे फिल्टर, कूलंट, ब्रेक ऑइल बदला. आधीचा मालक "कालच केलंय" म्हणाला तरी. इंजिनाला टायमिंग चेन आहे की बेल्ट, हे मेकॅनिकला विचारा. मारुतीच्या के-सीरीजला चेन असते, आल्टो ८०० ला बेल्ट. बेल्ट कधी बदलला याचं बिल नसेल तर तो बदललेलाच नाही असं धरून बदला. काही इंजिनांत तो रस्त्यात तुटला की व्हॉल्व्ह वाकतात आणि इंजिन उघडावं लागतं. पंपावर आता ई-२० पेट्रोल मिळतं आणि २०२३ च्या आधीच्या बहुतेक गाड्या त्यासाठी बनलेल्या नव्हत्या, म्हणून इंधनाचे रबरी पाइपही बघून घ्या. उरलेले पैसे क्लच आणि सस्पेन्शनसाठी वेगळ्या खात्यात ठेवा. दुकानाच्या खात्यात ठेवलेत तर दिवाळीच्या मालात जातील, हे तुम्हालाही माहीत आहे.

कागदांचं म्हणाल तर खासगी गाडीची आरसी १५ वर्षांची असते. २०१६ ची गाडी २०३१ ला फिटनेस आणि रिन्यूअलला जाणार, ग्रीन टॅक्सही लागणार. म्हणून तेरा-चौदा वर्षांची गाडी "स्वस्तात" मिळाली तरी तो खर्च आधी धरा. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर तो उतरल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. चासिस नंबर स्वतः वाचून आरसीशी जुळवा. २ लाख किंवा जास्त रक्कम रोखीत देऊ-घेऊ नका, घेणाऱ्याला तेवढाच दंड बसू शकतो. आणि गाडी नावावर झाली की १४ दिवसांत इन्शुरन्स तुमच्या नावावर करून घ्या. थर्ड पार्टी आपोआप येतं, पण तुमच्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचं कव्हर तसं येत नाही. एजंट "पुढच्या रिन्यूअलला करू" म्हणाला तर त्याच्यासमोर बसून करून घ्या.