समुद्रातल्या बोयांना हात लावू नका
कोकण किनाऱ्यावरील मच्छीमार बंधू-भगिनींना जाहीर आवाहन

१ ऑगस्टला मासेमारी बंदी उठेल आणि बंदराबंदरांतून नौका पुन्हा दर्यात लोटल्या जातील. जाळी विणण्याचे, इंजिने दुरुस्त करण्याचे काम चालू आहे तोवरच ही विनंती तुमच्या कानांवर घालायची आहे. खोल समुद्रात जाणाऱ्या तांडेलांनी आणि नौकामालकांनी ती विशेष मनावर घ्यावी.

वर खांब, सौरपट्ट्या आणि दिवा असलेला मोठा पिवळा बोया तुमच्यापैकी अनेकांनी भर समुद्रात पाहिला असेल. चेन्नईच्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेने असे बोये अरबी समुद्रात आणि बंगालच्या उपसागरात नांगरून ठेवले आहेत. वारा, हवेचा दाब, लाटांची उंची, पाण्याचा ओढा, खालच्या थरांतले तापमान आणि खारटपणा मोजून हे बोये ती माहिती उपग्रहामार्फत किनाऱ्यावर कळवतात.

तरंगत्या वस्तूखाली मासळी जमते, हे तुम्हाला कोणी शिकवायला नको. आधी बारीक मासळी येते, तिच्या मागावर कुपा येतो. म्हणून काही नौका बोयाला दोर बांधून थांबतात, भोवती जाळे मारतात. नौकेच्या ओढीने नांगराचा दोर तुटतो, पाण्याखालची यंत्रे जाळ्यात गुरफटून निखळतात. कधी सौरपट्ट्या काढून नेल्या जातात. हे कोणत्या राज्याच्या किंवा कोणत्या देशाच्या नौका करतात, यावर आज भांडायचे नाही. नुकसान सगळ्यांचेच आहे.

ते कसे, हे सांगायला हवे. वादळाचे ढग उपग्रहाला वरून दिसतात. पण वादळाला बळ देणारी ऊब पाण्यात किती खोलवर साठली आहे, हे पाण्यात उतरलेले यंत्रच नीट सांगू शकते. नोव्हेंबर २००९ मधले फयान कोकणातली मच्छीमार घरे अजून विसरलेली नाहीत. मे २०२१ मधले तौक्तेही ताजेच आहे. अशा वादळांचा इशारा दिल्लीच्या हवामान केंद्रातून बंगालचा उपसागर आणि अरबी समुद्राकाठच्या सगळ्या देशांना जातो. वादळांची नावेसुद्धा तेरा देश मिळून ठरवतात: भारत आणि पाकिस्तान त्यात आहेत, ओमान आणि इराणही आहेत. जमिनीवर ज्यांचे पटत नाही तेही इथे एकत्र बसतात, कारण वादळ सागरी हद्द पाहून वळत नाही.

त्सुनामीच्या इशाऱ्यासाठीही समुद्रातले बोये लागतात. २००४ च्या त्सुनामीच्या वेळी हिंदी महासागरात इशारा देणारी व्यवस्थाच नव्हती. दोन लाखांहून अधिक माणसे गेली, तेव्हा ती उभी राहिली. हैदराबादच्या त्सुनामी इशारा केंद्राने २००७ पासून हे काम हाती घेतले आणि आज भारत, इंडोनेशिया व ऑस्ट्रेलिया मिळून या महासागरातल्या देशांना इशारे देतात. आपला किनारा त्सुनामीपासून दूर आहे असे समजू नका. नोव्हेंबर १९४५ मध्ये मकरान किनाऱ्याजवळ भूकंप झाला, त्याची लाट मुंबईपर्यंत आली होती आणि माणसे दगावली होती.

आर्गो नावाचे छोटे तरंगक तर जगभरच्या समुद्रांत मिळून चार हजारांच्या आसपास आहेत. अनेक देशांनी ते सोडले आहेत आणि त्यांची माहिती सर्वांना मोफत मिळते. दर दहा दिवसांनी ते दोन हजार मीटरपर्यंत खाली जाऊन मोजमाप घेत वर येतात. असा नळकांड्यासारखा तरंगक जाळ्यात आला किंवा पुळणीवर लागला, तर तो उघडू नका. आत बॅटरी असते.

हिंदी महासागर ट्यूना (कुपा) आयोगाने २०११ मध्ये नियम केला: माहिती गोळा करणाऱ्या बोयापासून एक सागरी मैलाच्या आत मासेमारी करायची नाही, त्याला नौका बांधायची नाही, परवानगीवाचून तो नौकेवर घ्यायचा नाही. भारत या आयोगाचा सदस्य आहे. नजरचुकीने जाळे अडकलेच, तर बोयाला कमीत कमी इजा होईल असे सोडवा, मग आपले थोडे जाळे कापावे लागले तरी. तुटून वाहत चाललेला बोया दिसला तर त्याला दोर न लावता जीपीएसवरची जागा आणि बोयावरचा क्रमांक टिपून तटरक्षक दलाला १५५४ वर किंवा बंदरावरच्या मत्स्य अधिकाऱ्याला कळवा.

शास्त्रज्ञांकडेही आमचे मागणे आहे. बोये कुठे नांगरले आहेत त्याची यादी प्रत्येक हंगामाआधी मराठीत, बंदराच्या फलकावर लागली पाहिजे. ज्या माहितीसाठी मच्छीमाराने एक मैल दूर राहायचे, ती लाटांच्या आणि वाऱ्याच्या अंदाजाच्या रूपाने त्याच्या मोबाइलवर वेळेत आली पाहिजे. हा त्याचा हक्क आहे.

मच्छीमार सोसायट्यांनी जुलै संपण्यापूर्वी सभा बोलावून हा विषय खलाशांपुढे ठेवावा. परप्रांतातून आलेले खलाशी ज्या नौकांवर आहेत, तिथे तांडेलाने तो त्यांच्या भाषेत समजावून सांगावा.

– कोकण किनाऱ्यावरील काही मच्छीमार व सागर अभ्यासक