नोंदवहीतला रकाना गेला, आपल्या मोबाईलमधल्याचं काय?

3 ऑक्टोबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर निकाल दिला. तुरुंगात जात पाहून झाडू कोणाच्या हातात आणि स्वयंपाक कोणाकडे हे ठरवणं घटनाबाह्य आहे, कैद्यांच्या नोंदवहीतला जातीचा रकाना काढून टाका, असं न्यायालयाने सांगितलं. आपल्या सगळ्या ग्रुपवर ही बातमी फिरली आणि अभिनंदनही झालं. पण त्याच निकालाचा दुसरा भाग फारसा कोणी वाचला नाही. काही राज्यांच्या तुरुंग नियमावल्यांत विमुक्त जमातींच्या माणसाला जन्मावरूनच 'सराईत' धरायची सोय होती. न्यायालयाने तीही मोडीत काढली.

1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या. 1952 मध्ये कायदा रद्द झाला आणि 'गुन्हेगार'चं 'विमुक्त' झालं. मग राज्याराज्यांत सराईत गुन्हेगारांचे कायदे आले, आपल्याकडचा 1959 चा. कागदावर शब्द बदलला, पण चोरी झाली की पोलिसांची गाडी आजही आधी पारध्यांच्या पालावर जाते. तिथे काम करताना हे मी अनेकदा पाहिलं आहे.

यात पोलीस, सरकार, सवर्ण यांच्याबद्दल लिहायला मला काहीच अडचण नाही. अडचण पुढच्या प्रसंगाची आहे.

गेल्या वर्षी मी काम करते त्या भागातल्या एका वस्तीत विहारातला अ‍ॅम्प्लिफायर गायब झाला. वस्तीपलीकडे माळावर पारध्यांची पाच-सहा पालं आहेत. तिथला एक सोळा वर्षांचा मुलगा आदल्या दिवशी विहाराच्या नळावर पाणी भरताना दिसला होता. एवढं पुरलं. कोणीतरी त्याचा फोटो काढून वस्तीच्या ग्रुपवर टाकला, खाली 'याच्यावर लक्ष ठेवा'. फोटो टाकणारा कोणी अडाणी नव्हता, पदवीधर होता, चळवळीतला होता. मीही त्या ग्रुपमध्ये होते. 'पुरावा काय?' हे पाच अक्षरी दोन शब्द टाईप करायला मला संध्याकाळ झाली. तोवर फोटो शेजारच्या दोन गावांच्या ग्रुपवर पोचला होता.

अ‍ॅम्प्लिफायर तिसऱ्या दिवशी मिळाला. मंडपवाल्याच्या पोराने सामान आवरताना आपलाच समजून टेम्पोत टाकला होता.

गावात जनावर दगावलं की संशय थेट महारवाड्यावर यायचा, हे आपल्या आजोबांनी सोसलं आहे. वस्त्यांची जातिवाचक नावं बदलण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने डिसेंबर 2020 मध्ये घेतला, तेव्हा आपल्याला किती बरं वाटलं होतं! आणि आपणच पलीकडच्या माळाला 'चोरांची पालं' म्हणतो.

यावर एक युक्तिवाद नेहमी येतो: 'पण ताई, चोऱ्या होतातच ना?' होतात. त्यासाठी पोलिसांत तक्रार देता येते, आणि तक्रारीत 'अज्ञात इसम' लिहायची सोय आहे. पोलिसांच्या कागदातही जी जागा रिकामी ठेवता येते, ती आपण अर्ध्या तासात जमातीच्या नावाने भरून टाकली.

सुत्तनिपातातलं वसलसुत्त आपण विहारात वाचतो. अग्गिक भारद्वाज तथागतांना लांबूनच 'वसल' म्हणून हटकतो, तिथेच थांब म्हणतो. तथागत त्याला उलट शिवी देत नाहीत. माणूस वसल कशाने होतो हे तुला माहीत आहे का, एवढं विचारतात आणि मग एकेक कृती सांगत जातात. त्या यादीत चोरी आहे, घेतलेलं कर्ज नाकारणं आहे, कुठलंही कूळ नाही. हे सुत्त आपण बहुतेक वेळा ब्राह्मणाला ऐकवण्यासाठी वाचतो. पण त्या दिवशी भारद्वाजाच्या जागी आपण उभे होतो.

अ‍ॅम्प्लिफायर सापडल्यावर ग्रुपवर 'मिळाला, जय भीम' एवढाच मेसेज आला. फोटो टाकणाऱ्याने तो डिलीट केला, पण शेजारच्या गावांतल्या फोनमधून तो कसा जाणार? त्या मुलाने बाजारच्या दिवशी एकट्याने गावात येणं बंद केलं आहे.

त्याचा बाप मला भेटला. तो रागावला नव्हता. "ताई, जिथं जिथं फोटो गेला तिथं तिथं 'हा चोर न्हाई' असं बी लिवा म्हणावं," एवढंच म्हणाला. मी अ‍ॅडमिनला फोन केला. तो म्हणाला, "विषय संपलाय, आता कशाला वाढवायचा?"

येत्या पौर्णिमेला विहारात बैठक आहे. मी हा विषय लेखी दिला आहे.