तीन औषधांची एक ट्यूब



आमच्या आरोग्य शिबिरात पाळीच्या तक्रारींवर गटचर्चा चालू होती. बायका हळूहळू मोकळ्या होत होत्या. मागे भिंतीला टेकून बसलेली बावीस-तेवीस वर्षांची एक मुलगी मात्र ओढणी नाकापर्यंत ओढून गप्प होती. चर्चा संपल्यावर, चटया गुंडाळताना, ती माझ्याजवळ आली आणि तिने ओढणी बाजूला केली. गाल लालबुंद, त्यांवर बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं, हनुवटीवर दाट पुटकुळ्या, गालांच्या कडेला लव. "ताई, उन्हात गेलं की चेहरा भाजल्यासारखा होतो. क्रीम बंद केलं की आणखी बिघडतो. काय करू?"

आणि मी काय म्हणाले? इतक्या वर्षांच्या सवयीने म्हणाले, "अगं, रंगात काय आहे? माणसाची किंमत त्याच्या कातडीवरून करायची नसते."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "ताई, मी रंगाचं विचारतच नाहीये. माझा चेहरा दुखतोय."

त्या वाक्याने मला चांगलंच जमिनीवर आणलं. त्याबद्दलच आज तुमच्याशी बोलायचं आहे.

तिने पिशवीतून अर्धी संपलेली ट्यूब काढून दाखवली. दोन वर्षांपूर्वी पुटकुळ्या वाढल्या होत्या आणि त्याच सुमारास पाहण्याचा कार्यक्रम ठरला होता. मामी म्हणाली, मेडिकलवाल्याला विचार. त्याने न विचारता, न तपासता ही ट्यूब दिली. पंधरा दिवसांत चेहरा साफ आणि उजळ. आई खूश, मामी खूश. पाहुणे येऊन गेले, लग्न काही ठरलं नाही, पण ट्यूब चालू राहिली. मग शेजारची पोरगी, चुलत बहीण, कामावरच्या दोघी, सगळ्यांनी तीच नेली.

ट्यूबवर मोठ्या अक्षरांत कंपनीचं नाव होतं. खाली, भिंगाशिवाय वाचता येणार नाही अशा अक्षरांत तीन नावं होती: हायड्रोक्विनोन २ टक्के, ट्रेटिनॉइन ०.०२५ टक्के, मोमेटासोन ०.१ टक्का. पहिलं कातडीत रंग तयार होण्याची क्रिया मंदावतं. दुसरं 'अ' जीवनसत्त्वापासून बनलेलं, जुनी त्वचा लवकर झडून नवी यावी यासाठी. तिसरं स्टेरॉइड.

अशा मिश्रणाचं मूळ क्लिगमन आणि विलिस या अमेरिकेतल्या त्वचारोगतज्ज्ञांनी १९७५ साली प्रसिद्ध केलेल्या सूत्रात आहे. त्यातलं स्टेरॉइड वेगळं होतं, पण कल्पना हीच. आज अशी मिश्रणं मुख्यतः वांग या आजारावर, काही आठवड्यांपुरती, डॉक्टरांच्या नजरेखाली वापरायची असतात. पुटकुळ्यांवर नव्हे, आणि रोज पावडर लावतो तशी तर नव्हेच नव्हे. योगायोग पाहा, १९७५ हेच आंतरराष्ट्रीय महिला वर्ष. त्याच साली पुण्यात संयुक्त स्त्रीमुक्ती संघर्ष परिषद भरली, आणि त्याच साली 'फेअर अँड लव्हली' भारतीय बाजारात आली. आपण परिषदा घेत होतो तेव्हा बाजार घराघरातल्या आरशापर्यंत पोचत होता. २०२० साली त्या क्रीमच्या नावातून 'फेअर' हा शब्द गेला. गोरेपणाचा सोस गेला का, ते तुम्हीच सांगा.

स्टेरॉइड सुरुवातीला जादू करतं. रक्तवाहिन्या आकसतात, लाली आणि सूज उतरते, चेहरा फिकट, म्हणजेच आपल्या भाषेत 'उजळ' दिसतो. महिने उलटले की तीच कातडी पातळ होते, रक्तवाहिन्या फुगून दिसू लागतात, लव वाढते आणि स्टेरॉइडमुळेच नव्या पुटकुळ्या येतात. थांबवलं की चेहरा पेटतो, म्हणून बाई पुन्हा ट्यूबकडे वळते. दारू सोडवणं किती कठीण असतं ते आपण पाहिलं आहे. इथे व्यसन कातडीला लागतं. हायड्रोक्विनोन वर्षानुवर्षं लावलं तर काही जणींच्या चेहऱ्यावर निळसर काळे डाग पडतात, आणि ते सहजी जात नाहीत. आपल्या देशातल्या डॉक्टरांना असे इतके चेहरे दिसू लागले की २००८ साली त्यांनी या अवस्थेला 'स्टेरॉइडने बिघडलेला चेहरा' अशा अर्थाचं स्वतंत्र नावच दिलं. मार्च २०१८ मध्ये केंद्र सरकारने १४ स्टेरॉइडांच्या मलमांना मिळणारी सूट काढून घेतली. चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत. कायदा झाला. काउंटरवर काय चालतं ते आपल्याला ठाऊक आहे.

याहून वाईट म्हणजे ज्या डबीवर काहीच छापलेलं नसतं ती. २०२३ च्या सुरुवातीला अकोल्याची बातमी आली. एका घरातल्या तिघी मायलेकींची मूत्रपिंडं बिघडली होती. मुंबईच्या केईएम रुग्णालयात शोध घेतल्यावर त्या वापरत असलेल्या क्रीममध्ये पारा निघाला. केरळमधल्या डॉक्टरांनी २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट आजाराच्या १५ रुग्णांपैकी १३ जण गोरेपणाचं क्रीम वापरणारे निघाले. पारा रंग थांबवतो हे खरं, पण तो कातडीतून रक्तात जातो. सौंदर्यप्रसाधनात तो मिसळायला आपल्याकडे बंदी आहे. म्हणून तर तो डबीवर छापत नाहीत.

आता प्रश्न आपला. चळवळीने काय केलं? आपण जाहिरातींच्या विरोधात निदर्शनं केली, लेख लिहिले, गोरेपणाच्या वेडामागचं जात-वर्गाचं राजकारण उलगडून दाखवलं. ते सगळं बरोबरच होतं. पण पुटकुळ्यांनी बेजार झालेल्या मुलीला आपण फक्त विचार दिला, माहिती दिली नाही. माहिती मेडिकलवाल्याने दिली, आणि ती चुकीची होती. 'उजळणं' या एका शब्दात आपण दोन गोष्टींची गल्लत केली. पुटकुळी गेल्यावर मागे राहिलेला काळा डाग फिका व्हावा असं वाटणं वेगळं, आणि सावळ्या मुलीने गोरं व्हावं असं घरच्यांना वाटणं वेगळं. पहिली आरोग्याची गरज आहे, दुसरा अन्याय आहे. बाजार दोन्ही एकाच ट्यूबमध्ये घालून विकतो. आपण त्या वेगळ्या करायला हव्यात.

म्हणून गटांत सांगण्यासारखं थोडं इथे लिहिते. पुटकुळी एकाच कारणाने येत नाही. संप्रेरकांमुळे तेल वाढतं, छिद्रं बुजतात, जंतू वाढतात, सूज येते. त्यामुळे एकाहून अधिक औषधं जोडण्यात मुळात काही वावगं नाही. प्रश्न आहे कोणतं कशाशी जोडायचं हा. अॅडापॅलीन हे 'अ' जीवनसत्त्वाच्या कुळातलं औषध छिद्रं मोकळी करतं, बेंझॉइल पेरॉक्साइड जंतू मारतं. ही जोडी शास्त्राला धरून आहे. बेंझॉइल पेरॉक्साइड २.५ टक्क्यांचं सहसा पुरतं. १० टक्क्यांनी आग मात्र जास्त होते. (त्याने उशीचे अभ्रे आणि ओढण्या विटतात, तेवढं सांभाळा.) जुनं ट्रेटिनॉइन मात्र त्याच्यासोबत एका वेळी लावू नये, ते निकामी होऊ शकतं, एक सकाळी, एक रात्री. प्रतिजैविकाचं मलम एकटं, महिनोन्महिने लावू नये, जंतू त्याला दाद देईनासे होतात.

डागांसाठी अॅझेलेइक आम्ल पुटकुळी आणि डाग दोन्हींवर चालतं. नायसिनामाइड सौम्य आहे, बहुतेकांशी जमवून घेतं. पण सॅलिसिलिक, ग्लायकोलिक अशी आम्लं आणि 'अ' जीवनसत्त्वाचं औषध एकाच रात्री थापलं तर कातडी सोलवटते, आणि आपल्या गव्हाळ-सावळ्या कातडीवर प्रत्येक सोलवटलेली जागा महिनोन्महिने काळी राहते. घरचं लिंबूही तेच करतं. म्हणजे डाग घालवायला निघालेली बाई नवे डाग घेऊन बसते. एका वेळी एकच नवं औषध, वाटाण्याएवढं, सुरुवातीला एक दिवसाआड. गुण यायला आठ ते बारा आठवडे लागतात. पंधरा दिवसांत चमत्कार झाला तर ट्यूब उलटून तिच्यावरची नावं वाचा. गरोदर असाल किंवा दिवस राहण्याची शक्यता असेल तर 'अ' जीवनसत्त्वाच्या कुळातली औषधं नकोत; अॅझेलेइक आम्लाचं डॉक्टरांना विचारा. आणि ऊन टाळलं नाही तर यातलं काहीच टिकत नाही. सनस्क्रीन परवडत नसेल तर छत्री, टोपी, पदर. पाळी अनियमित, लव वाढलेली आणि पुटकुळ्याही, असं एकत्र असेल तर मलमाआधी तपासणी हवी.

इथे एक सावधगिरी. पार्लर चालवणाऱ्या बाईला गुन्हेगार ठरवू नका. ती आपल्यासारखीच, स्वतःच्या पायावर उभी राहिलेली बाई आहे, आणि तिलाही ती डबी कुणीतरी 'एकदम सेफ' म्हणून विकलेली असते. तिला शिबिरात बोलवा. एका पार्लरवाल्या ताईला समजलं तर शंभर चेहरे वाचतील.

आणि हे आपल्याला नवीनही नाही. गरोदरपणाच्या चाचणीसाठी सर्रास दिल्या जाणाऱ्या इस्ट्रोजेन-प्रोजेस्टेरॉनच्या जादा मात्रेच्या गोळ्या आठवा. तेही औषधांचं मिश्रणच होतं, तेही चिठ्ठीशिवाय मिळायचं. १९८२ साली बंदीचा आदेश निघाला, कंपन्या कोर्टात गेल्या, आणि १९८८ पर्यंत स्त्रियांच्या व आरोग्याच्या संघटनांना झगडावं लागलं. तेव्हा आपण औषधांची नावं पाठ केली होती. आता पुन्हा करू या.

पुढच्या बैठकीला प्रत्येकीने घरातली क्रीमं घेऊन यावं. बारीक अक्षरं मोठ्याने वाचा. हायड्रोक्विनोन, किंवा 'सोन', 'सोल'ने शेवट होणारं स्टेरॉइड दिसलं की यादीत लिहा. पण लावणाऱ्या बाईला एका झटक्यात बंद करायला सांगू नका. सरकारी रुग्णालयातल्या त्वचा विभागात सोबत जा. नाव-गाव नसलेली डबी मात्र त्याच दिवशी बंद, आणि डबी सोबत घेऊनच डॉक्टरांकडे. कोणत्या दुकानात चिठ्ठीशिवाय काय मिळालं याची नोंद ठेवा आणि तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी द्या, एकटीने नव्हे, गटाने.

ती मुलगी परवा येऊन गेली. रुग्णालयाच्या सल्ल्याने ट्यूब सुटून सहा महिने झाले. मधले दोन महिने भयंकर गेले, कामावर रजा टाकावी लागली. लाली अजून पुरती गेलेली नाही. पण ओढणी खांद्यावर होती. चुलत बहिणीची ट्यूब तिने आपणहून आणली होती. "हिच्यावरचं वाचून द्या," म्हणाली.

तुमच्या गटातल्या याद्या आणि अनुभव जरूर कळवा. पुढच्या अंकात एकत्र छापू.

— संपादक