उन्हाला सातबारा लागतो काय?



मी खामगावात लोकांच्या स्लॅबवर सोलर पॅनल चढवतो. एकेक पॅनल पंचवीस किलोच्या वर. खांद्यावर घ्यायचं, जिना चढायचा, नट आवळायचे. वैशाखातलं वऱ्हाडी ऊन त्या काचेइतकंच माझ्या पाठीलाही ठाऊक आहे. संध्याकाळी घरी येतो तर आमचे टिनपत्रे तव्यासारखे तापलेले. माय विचारते, "लोकायच्या घरावर रोज बसवतं, आपल्या घरावर कई बसवशीन रे?"

तिला काय सांगू? हा लेख म्हणजे तिला न देता आलेलं उत्तर.

फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने 'पीएम सूर्यघर मोफत वीज योजना' आणली. एक कोटी घरं, ७५,०२१ कोटी रुपये. एक किलोवॅटला ३० हजार, दोनला ६० हजार, तीन आणि त्यावर ७८ हजार रुपये अनुदान. एक किलोवॅट महिन्याला शंभर-सव्वाशे युनिट देतो. वाईट आहे काय? मुळीच नाही. सूर्यावर चालणारी वीज आम्हालाही पाहिजे. पण अट वाचा. घर स्वतःचं पाहिजे, छप्पर पॅनल पेलणारं पाहिजे, मीटर पाहिजे. आणि अनुदान खात्यात येतं ते पॅनल बसल्यानंतर. म्हणजे आधी पैसा उभा करा, नाहीतर बँकेच्या पायऱ्या झिजवा.

सरकारी हिशेबानं तीन किलोवॅटची किंमत १ लाख ४५ हजार. ज्याच्याकडे दुमजली घर आहे त्याला ७८ हजार. ज्याच्याकडे घरच नाही त्याला शून्य. ह्याला म्हणतात सर्वांसाठी योजना!

परवा एका स्लॅबवर नट आवळत होतो. खाली मालक शेजाऱ्याला सांगत होता, "ह्या लोकांना सगळं फुकट मिळतं, स्कॉलरशिपा काय, सवलती काय." मी वरून ऐकत होतो. त्याच्याच ७८ हजारांचं पॅनल माझ्या हातात होतं. तो घेतो ते अनुदान, आमचं पोरगं घेते ती भीक. भाषासुद्धा ह्यांच्याच बापाची!

कुणी म्हणेल, २०२५ साली राज्याने 'स्मार्ट' योजना आणली, ती विसरलास काय? नाही विसरलो. महिन्याला शंभर युनिटच्या आत वीज वापरणाऱ्या अनुसूचित जातीच्या घराला एक किलोवॅटसाठी राज्याचे १५ हजार जादा. पन्नास हजारांतले उरले पाच. पाच हजार आम्ही पोटाला चिमटा घेऊन उभे करू. पण छप्पर कुठून उभं करू? बल्लीवरच्या टिनाला तो भार अन् तो वारा झेपत नाही. जागा नझूलची, पट्टा नाही. जो भाड्याच्या खोलीत राहतो त्याचं मीटर घरमालकाच्या नावावर. पैशाचं दार उघडलं, जमिनीचं बंदच. आणि गावात जमीन कुणाला होती, कुणाला नव्हती, हे सांगायला इतिहासकार नको.

१८७० साली खामगावला रेल्वे आली ती कापसासाठी. कापूस विलायतेला गेला, वेचणारीच्या अंगावर चिंधी राहिली. आता उन्हाचं तेच होऊ द्यायचं काय?

बाबासाहेब १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते. वीज त्यांच्याच खात्यात. २५ ऑक्टोबर १९४३ ला वीज धोरणाच्या समितीपुढे त्यांनी स्वस्त आणि मुबलक विजेचा आग्रह धरला. दारिद्र्यातून माणूस काढायचा तर उद्योग पाहिजेत, उद्योगाला वीज पाहिजे, हा त्यांचा हिशेब. आम्ही १४ एप्रिलला चौकात रोषणाई करतो. विजेबद्दल ते काय म्हणाले, हे किती जणांनी वाचलंय?

रडून भागत नाही, मागावं लागतं. पॅनल आपल्याच डोक्यावर पाहिजे असा निसर्गाचा नियम नाही. एका ठिकाणी पॅनल लावून त्याचे युनिट अनेक घरांच्या बिलांत वाटता येतात. दिल्लीच्या वीज आयोगाने २०१९ लाच तशी सोय केली. सूर्यघरच्या नियमांतही तिला जागा आहे. मग नगरपालिकेच्या शाळांचे स्लॅब रिकामे का? तिथं पॅनल लावा, युनिट वस्तीच्या बिलात टाका. प्रत्येक झोपडीला तिच्या नावाचं मीटर द्या. आणि राहत्या जागेचे पट्टे द्या, कारण मुळातलं दुखणं तेच आहे.

ह्या तीन मागण्या घेऊन नगरपालिकेवर आणि वीज कार्यालयावर जायचं आहे. सोबत येताना वीजबिल आणा. ज्याच्याकडे बिल नाही, त्यानं तर पहिलं यावं.

चवदार तळ्याचं पाणी १९२७ साली आपण मागून नाही, जाऊन घेतलं. ऊन तर कुणी खोदलेलंही नाही.

जयभीम!