हिशेब फलकावर लावा

पोप फ्रान्सिस यांनी २०२१ मध्ये सुरू केलेला सिनड ऑक्टोबर २०२४ मध्ये संपला. ऐक्य, सहभाग, प्रेषितकार्य ही त्याची सूत्रे. पण सहभाग म्हणजे फेस्ताला खुर्च्या लावणे एवढेच का? १९८३ च्या धर्मसंहितेच्या कलम ५३७ नुसार प्रत्येक धर्मग्रामात अर्थसमिती हवीच. धर्मग्राम समित्याही सक्तीच्या करा, असे सिनडच्या अंतिम दस्तऐवजात म्हटले आहे. आमच्याकडे समितीत वर्षानुवर्षे तीच चार नावे, महिला नावापुरत्या. शाळेच्या इमारतीसाठी दिलेला पैसा कुठे लागला असे विचारले, की माणूस भांडखोर ठरतो. फादरांवर अविश्वास नाही हो. ते बदलीवर येतात-जातात, हिशेब मात्र इथेच राहतो. वर्षाचा जमाखर्च रविवारच्या मिस्सानंतर वाचून दाखवावा आणि फलकावर लावावा.

– एक निवृत्त शिक्षक, बेळगाव