चुकवेगिरी कोणाची?

देशातील तरुण बेशिस्त झाला आहे, त्याला दोन वर्षे सक्तीने लष्करात धाडा, अशी मागणी शहरी दिवाणखान्यांतून अधूनमधून उठते. इस्रायल, दक्षिण कोरिया यांचे दाखले दिले जातात. मागणी करणाऱ्यांचे चिरंजीव त्या वेळी बहुधा परदेशी विद्यापीठांचे अर्ज भरण्यात मग्न असतात, ही गोष्ट वेगळी. भारतीय तरुण सैनिकी सेवा टाळतो, असा आरोप या मागणीत दडलेला आहे. तो सोलापूर जिल्ह्यातील माढा तालुक्यात येऊन करून पाहावा.

उजनीचे धरण याच तालुक्यात आहे, ऊसही आहे. पण पाणी प्रत्येक बांधापर्यंत पोहोचलेले नाही, आणि दोन एकरांच्या वाटणीत तिसऱ्या भावाच्या हाती काही लागत नाही. म्हणून पहाटे माढा-कुर्डुवाडीच्या रस्त्यांवर मुले धावतात. सोळाशे मीटर साडेपाच मिनिटांत, म्हणजे भरतीच्या मैदानावर पूर्ण साठ गुण! येथे गुन्हा घडतो तो सैन्यात शिरकाव मिळवून देण्याच्या धंद्यात. फेब्रुवारी २०२१ मध्ये भरतीची प्रश्नपत्रिका फुटल्याचे पुण्यात उघडकीस आले, देशभरची परीक्षा रद्द झाली आणि अटक झालेल्यांत लष्करी अधिकारीही निघाला. जेथे सैन्यात जाण्यासाठी दलालाला पैसे मोजले जातात, तेथे सक्तीची भाषा करणे हास्यास्पद होय.

महाराष्ट्राचा इतिहासही हेच सांगतो. १८९० च्या दशकात इंग्रजांनी महारांची लष्करभरती बंद केली. ती पुन्हा सुरू व्हावी म्हणून गोपाळबाबा वलंगकर व शिवराम जानबा कांबळे यांनी सरकारकडे अर्ज-विनंत्या केल्या. महार रेजिमेंट उभी राहावयास १९४१ साल उजाडले.

घटनेच्या २३ व्या कलमाने सार्वजनिक कारणासाठी सक्तीची सेवा घेण्याची मुभा राज्याला दिली आहे, मात्र धर्म, वंश, जात किंवा वर्ग एवढ्याच कारणावरून तीत भेद करता येणार नाही, असे बजावूनच. यांतील ‘वर्ग’ हा शब्द मोलाचा आहे. कारण जेथे सक्ती आली तेथे सुटकेचा भावही ठरला. अमेरिकेत १८६३ च्या कायद्याने तीनशे डॉलर भरणाऱ्यास भरतीतून मोकळीक दिली आणि न्यूयॉर्कमध्ये गरिबांचे दंगे उसळले. व्हिएतनाम युद्धात महाविद्यालयात नाव असणे हीच ढाल झाली. युद्धाला तत्त्वतः नकार देऊन शिक्षा भोगणाऱ्याची गोष्ट निराळी. १९४० मध्ये युद्धप्रयत्नांविरुद्ध भाषण केल्याबद्दल जयप्रकाश नारायण तुरुंगात गेले. आपल्या नकाराची किंमत त्यांनी दुसऱ्याच्या मुलाच्या माथी मारली नाही.

भारतातही सुटकेला भाव आहे. पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात सरकारी खर्चाने डॉक्टर झालेल्याने ठरावीक वर्षे लष्करात सेवा करावी, असा करारनामा असतो. सेवा नको असेल तर करारनाम्याची रक्कम भरावी आणि मोकळे व्हावे. यात बेकायदेशीर काही नाही, हेच तर दुखणे! ज्याच्या बापाकडे रक्कम आहे त्याच्यासाठी कर्तव्य ही विकत सोडवून घेण्याची वस्तू ठरते.

साधा जवान मात्र कर्तव्य सोडून पळाला तर १९५० च्या सेना कायद्याचे ३८ वे कलम त्याला सात वर्षांपर्यंत कारावास देते. युद्धसेवेवर असेल तर मृत्युदंडही. राज्यच आपले कर्तव्य सोडून पळाले, तर त्याला कोणते कलम लावावे?

कारण नेमके तेच घडले आहे. कोरोनाच्या नावाखाली दोन वर्षे भरती थांबली. १४ जून २०२२ रोजी ‘अग्निपथ’ जाहीर झाला आणि शारीरिक व वैद्यकीय चाचण्या पार केलेल्या जुन्या उमेदवारांची प्रक्रियाही गुंडाळली गेली. चार वर्षांची नोकरी, पंचवीस टक्क्यांपर्यंत कायम, बाकीच्यांना ना निवृत्तिवेतन ना उपदान. अखेरीस हाती पडणाऱ्या ११ लाख ७१ हजारांच्या ‘सेवानिधी’चे मोठे कौतुक झाले, त्यातील निम्मा वाटा मुलाच्याच पगारातून कापलेला असतो, हे मात्र हळूच सांगितले गेले. २०२२-२३ च्या सव्वापाच लाख कोटींच्या संरक्षण अंदाजपत्रकात निवृत्तिवेतनावर सुमारे १ लाख २० हजार कोटी होते. हा बोजा कमी करावयाचा होता, असे सरळ सांगितले असते तर निदान वाद प्रामाणिक झाला असता. सरकारने त्याला ‘तरुण सैन्य’ म्हटले. ऑक्टोबर २०२३ मध्ये सियाचेनमध्ये बुलढाणा जिल्ह्यातील अग्निवीर मरण पावला. त्याच्या आईवडिलांना विमा व सानुग्रह रक्कम देय ठरली, परंतु नियमित सैनिकाच्या घरी येणारे कुटुंब-निवृत्तिवेतन नाही. बर्फ दोघांना सारखाच असतो.

पहिल्या तुकडीची चार वर्षे २०२६ च्या अखेरीपासून भरू लागतात. चारांतील तिघे गणवेश उतरवून परततील. केंद्रीय पोलीस दलांतील राखीव जागांचे आश्वासन २०२२ मध्येच दिले गेले आहे. त्यातून माढा तालुक्यातील किती जणांना प्रत्यक्ष नेमणूक मिळते, याची गावनिहाय यादी कार्यकर्त्यांनी आतापासून करावयास घ्यावी. तहसील कचेरीच्या भरवशावर न राहता वाड्यावस्त्यांवर फिरूनच ती करावी लागेल.